बोल्टांचा ताण, रिंगांचा गॅप

१० फेब्रुवारी २०२४, शनिवार. कँटन, मिशिगन

आज इंजिन पार खोललं. सहा लिटरचं व्ही-एट, बिडाचा ब्लॉक, जनरल मोटर्सच्या नोंदीत नाव एलक्यू४. कुठल्याशा पिकअपमधून स्क्रॅप यार्डात आलं, तिथून लेकीच्या गॅरेजात. कारखान्यातून निघताना त्याची ताकद तीनशे हॉर्सपॉवरच्या घरात होती. हिला टर्बो लावून हजार काढायचेत आणि ते इंजिन बसवायचंय जुन्या फोर्ड मस्टँगमध्ये. फोर्डच्या गाडीत शेव्हरोलेचं इंजिन ही डेट्रॉइटच्या परिसरात मोठ्याने बोलायची गोष्ट नव्हे, पण ड्रॅग रेसवाल्यांना असलं सोवळं नसतं. मुबलक, स्वस्त आणि दणकट मिळेल ते घ्यायचं.

बाहेर बर्फ, आत गॅसचा हीटर. जावईबापू संगणकातले. त्यांचा वाटा म्हणजे वेळेवर चहा, आणि तो ते चोख देतात.

ब्लॉक बघून समाधान वाटलं. त्याच्या भिंती क्रँकच्या मध्यरेषेच्या खाली उतरतात आणि प्रत्येक मेन कॅपला सहा बोल्ट: चार उभे, दोन बाजूने आडवे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ट्रॅक्टर-ट्रकांचे क्रँक ग्राइंड करण्यात माझी हयात गेली. एवढा बंदोबस्त पेट्रोलच्या इंजिनात मी पाहिला नव्हता. ब्लॉक बदलायचा नाही, हे लगेच ठरलं. आत काय घालायचं, त्यावर मात्र आता पुढचे दोन महिने भांडण होणार.

११ फेब्रुवारी, रविवार

लेकीच्या फळीवर एक मेलेला पिस्टन ठेवलेला आहे, तिच्या रेसिंगमधल्या एका मित्राच्या इंजिनातला. हातात घेऊन बराच वेळ पाहिला. माथा स्वच्छ, कुठे वितळल्याची खूण नाही, स्कर्टवर ओरखडा नाही. फक्त वरच्या रिंगेच्या वरचा काठ एका बाजूने उचकटून निघालेला, आणि तुटीचा पृष्ठभाग दाणेदार, करडा. मूळ पिस्टन ओतीव, त्यात सिलिकॉन भरपूर. झीज कमी होते, उष्णतेने फुगतोही कमी, पण ठिसूळ. धक्का बसला की वाकत नाही, तुटतो.

आणि धक्का दिला कुणी? रिंगेने. पुष्कळजण अशा वेळी पिस्टनला शिव्या देतात. चार इंच बोअरच्या रिंगेचा परीघ ३२० मिलिमीटरच्या आसपास. ती सिलिंडरच्या भिंतीपेक्षा दीडशे अंशांनी जास्त तापली तरी अर्ध्या मिलिमीटरहून जास्त लांबते. टर्बोमुळे उष्णता वाढते, रिंगेची दोन टोकं एकमेकांना भिडतात, पुढे जायला जागा उरत नाही. मग रिंग भिंतीत रुतते आणि पिस्टनचा काठ उपटून काढते.

रिचर्ड होल्डनर या इथल्या इंजिन-परीक्षकाने याच घराण्यातल्या ४.८ लिटरच्या भंगारातल्या इंजिनाला दोन टर्बो लावून डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, बाराशेच्या वर हॉर्सपॉवर काढली होती. क्रँक, रॉड, पिस्टन सगळे कारखान्याचे. रिंगांचा गॅप तेवढा वाढवलेला. लेक म्हणते, "मग पप्पा, आपण तरी कशाला पैसे घालायचे?" डायनोवर एकदा ताकद काढणं वेगळं आणि मोसमभर दर शनिवारी तीच ताकद मागणं वेगळं, एवढंच माझं उत्तर. पण पैसे कुठे घालायचे हा प्रश्न तिने बरोबर ओळखला.

१७ फेब्रुवारी, शनिवार

आज कागद-पेन्सिल. लेक इंजिन ७,००० आरपीएमला फिरवायचं म्हणते. स्ट्रोक ९२ मिलिमीटर, रॉडची लांबी १५५. पिस्टन वरच्या टोकाला पोचून उलटा फिरतो तेव्हा त्याचा त्वरणाचा आकडा गुरुत्वाकर्षणाच्या तीन हजारपटींहून जास्त येतो. पिस्टन, गजन पिन, रिंगा आणि रॉडचं वरचं टोक मिळून सातशे ग्रॅम धरले, तर रॉडला सव्वादोन टनांची ओढ बसते. ७०० ग्रॅमला सव्वादोन टन! सहा हजारांवर थांबलं तर हीच ओढ एक चतुर्थांशाहून जास्त कमी होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते.

आता दुसरी बाजू. जळणाऱ्या वायूचा दाब शंभर बार धरला तर पिस्टनच्या माथ्यावर आठ टनांहून जास्त भार. आकडा मोठा, पण तो रॉडला दाबतो, ओढत नाही. दाबाने रॉडचा दांडा वाकेल. ओढीने कॅपचे बोल्ट तुटतील. शिवाय ओढ सर्वांत वाईट बसते ती एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी, जेव्हा वर वायूचा दाबच नसतो, पिस्टनला अडवणारं कुणी नसतं. म्हणून गिअर चुकून आरपीएम चढला की पायात काही जोर नसतानाही इंजिन फुटतं. ॲक्सिलरेटर सोडलेल्या अवस्थेत रॉड बाहेर आलेली इंजिनं उद्यमनगरात आमच्याकडे यायची आणि मालक शपथेवर सांगायचे की गाडी ओढत नव्हती. खरं सांगत होते ते.

हे कागदावर मांडल्यावर लेकीने यादीत रॉड आणि बोल्ट सगळ्यांत वर नेले.

२४ फेब्रुवारी, शनिवार

कडाक्याचं भांडण. तिला ४ इंच स्ट्रोकचा फोर्ज्ड क्रँक हवा. बोअर थोडा वाढवला की इंजिन ४०८ घनइंचांचं होतं आणि इथे तो आकडा ऐकला की लोक माना डोलावतात.

माझं म्हणणं मी तिच्या मूळ क्रँकवरच दाखवलं. मेन जर्नल ६५ मिलिमीटर, रॉड जर्नल ५३. क्रँक बाजूने धरून पाहिला की या दोन वर्तुळांचा काही भाग एकमेकांवर येतो. आज मोजला: १३ मिलिमीटर. क्रँकच्या वेबची खरी ताकद या चढाईत असते. ४ इंच स्ट्रोक केला की चढाई आठावर येते, त्यातून पिस्टनची ओढ वाढते ती वेगळीच. म्हणजे जादा पैसे देऊन फोर्जिंग घ्यायचं आणि त्याची निम्मी कमाई भूमितीत घालवायची. टर्बो नसता तर मीही घनइंच मागितले असते. टर्बो आहे, तर हवा तो भरेल.

फोर्जिंग श्रेष्ठ, यात वाद नाही. ठोकून घडवलेल्या पोलादात धातूचा दाणा आकाराबरोबर वळतो. ओतिवात तसं होत नाही. पण हा मूळ क्रँक नोड्युलर बिडाचा आहे, त्याच्या कोपऱ्यांतली गोलाई रोल करून दाबलेली आहे, आणि तडा सुरू होतो तो नेमका तिथेच. त्या गोलाईवरून मी नख फिरवलं, मग भिंग घेतलं. मशीनचा एकही ओरखडा नाही. कारखान्याने काम केलंय.

ठरलं असं: क्रँक मॅग्नाफ्लक्स करायचा, तडा नसला तर पॉलिश मारून हाच वापरायचा. लेक रुसली. "क्रँकवाल्याच्या पोरीला क्रँकच नाही!"

५ मार्च, मंगळवार

मॅग्नाफ्लक्स निर्दोष.

रॉडचं पार्सल आलं. जुना रॉड आणि नवा शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. जुना पावडर मेटलचा: पोलादाची भुकटी दाबून, तापवून घडवलेला, आणि मोठं टोक मुद्दाम तडकावून कॅप वेगळी केलेली. चिक्की मोडावी तशी ती तूट वेडीवाकडी, आणि म्हणूनच कॅप तिच्या जागी केसाच्याही फरकाशिवाय बसते. कल्पना झकास. पण घासून पुन्हा गोल करायची सोय नाही, आणि बोल्ट आहेत ते ट्रकच्या हिशेबाचे.

नवे रॉड ४३४० पोलादाचे, एच-बीम. पिशवीवरचा आकडा वाचून मला आपल्याकडचा ईएन २४ आठवला. निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम, जवळजवळ तेच घराणं. लेक म्हणाली, एच-बीम की आय-बीम यावर इथे लोक रात्री जागवतात. जागवोत. चांगल्या पोलादाचा, चांगलं हीट ट्रीटमेंट झालेला कुठलाही घे. दांड्याच्या आकाराने हजार हॉर्सपॉवरला फरक पडत नाही, बोल्टने पडतो. बोल्ट कॅलिफोर्नियातल्या एआरपीचे, त्यांच्या एआरपी २००० नावाच्या पोलादाचे, ताण सहन करायची क्षमता चौरस इंचाला २,२०,००० पाउंड. याच्याही वरचे एल १९ मिळतात, २,६०,००० चे. ते मी नको म्हटलं. ते पोलाद ओलाव्याला आणि हायड्रोजनला इतकं हळवं, की तेल पुसून घामट हाताने धरायचीही चोरी. पाच-सहा सेकंदांच्या गाड्यांनी ती नाटकं करावीत.

त्या गाड्यांवरून आठवलं. इथून जवळच इप्सिलँटीला कलिट्टांच्या ड्रॅग रेसिंग टीमचं बस्तान आहे. टॉप फ्युएल वर्गात रॉड चक्क ॲल्युमिनियमचे असतात! ८.२ लिटरच्या इंजिनातून, नव्वद टक्के नायट्रोमिथेनवर, अकरा हजारांहून जास्त हॉर्सपॉवर. तिथे रॉडने थोडं दबून धक्का गिळावा अशीच अपेक्षा असते. पण ॲल्युमिनियम लवकर थकतं. त्यांना चालतं, ते प्रत्येक धावेनंतर इंजिन खोलतात. आपल्याला रोज कोण खोलून देणार? त्यांची शर्यत आता पाव मैलाची नाही, १,००० फुटांची आहे. २००८ मध्ये इंग्लिशटाउनला स्कॉट कलिट्टा अपघातात गेले, त्यानंतर पल्ला कमी केला.

९ मार्च, शनिवार

पिस्टन आले. फोर्ज्ड, २६१८ मिश्रधातूचे. दुसरा पर्याय ४०३२ चा होता: त्यात सुमारे बारा टक्के सिलिकॉन, थंडीत आवाज करत नाही, जास्त टिकतो. २६१८ मध्ये सिलिकॉन नावापुरतं. तो जास्त फुगतो म्हणून भिंतीपासून जास्त अंतर ठेवावं लागतं आणि गार इंजिन सुरू केलं की खडखडतो. पण चुकून डिटोनेशन, म्हणजे इंधनाचा अवेळी भडका, झालंच तर चेपतो, तुकडे होत नाहीत. ड्रॅगच्या गाडीला हाच गुण हवा. कॉन्कॉर्ड विमानाची कातडी याच जातीच्या मिश्रधातूची होती, हे लेकीला सांगितलं तर ती म्हणे, "मग शेजाऱ्यांना तेच सांगते."

गजन पिन जाड भिंतीची घेतली. वजन थोडं वाढलं, वाढू दे. पातळ पिन दाबाखाली लवते आणि पिस्टनच्या आतल्या कानांना तडे देते. इथे ग्रॅम वाचवण्यात शहाणपण नाही.

१६ मार्च, शनिवार

मशीन शॉपला गेलो. मालक माझ्याच वयाचे. भाषेची अडचण आली नाही, डायल गेजवर बोट ठेवलं की झालं.

होनिंगच्या आधी त्यांनी ब्लॉकवर जाड पोलादी टॉर्क प्लेट ठेवून हेडचे स्टड पूर्ण आवळले. मी बोअर गेज मागून घेतलं. प्लेटशिवाय बोअर गोल होता. आवळल्यावर स्टडच्या रेषेत काटा जवळजवळ एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, सरकला. म्हणजे मोकळ्या ब्लॉकमध्ये कितीही गोल होन करा, हेड बसलं की बोअर अंडाकृती. प्लेट लावून, त्या वाकलेल्या अवस्थेत गोल करायचा, मग इंजिन चालताना तो गोल राहतो. बोअर पाचच थाऊ वाढवला. बाकीची भिंत जाड राहू दिली.

काहीजण पाण्याच्या जाकिटात ग्राउट ओतून ब्लॉक आणखी ताठ करतात. धाव दहा सेकंदांची, पाणी लागतं कुणाला. हिला गाडी रस्त्यावरही न्यायची आहे, म्हणून तो विचार सोडला.

परत आल्यावर सगळे पिस्टन-रॉड काट्यावर तोलले आणि जोड्या लावल्या. जावईबापूंनी आकडे टिपले. पहिल्यांदाच त्यांना या कामात रस आलेला दिसला, बहुधा तक्ता करायला मिळाला म्हणून.

८ एप्रिल, सोमवार

दुपारी सूर्यग्रहण. पूर्ण ग्रहणाचा पट्टा मिशिगनच्या आग्नेय कोपऱ्याला लूना पिअरपाशी जेमतेम चाटून गेला. आमच्याकडे चिमूटभर सूर्य उरला. तेवढा वेळ अंगणात गेलो, मग परत रिंगांकडे.

लेकीने हिशेब केला: टर्बो आणि एवढी ताकद म्हणजे बोअरच्या दर इंचाला साडेसहा थाऊ गॅप. चार इंचांना २६. हाताने फिरवायच्या छोट्या चाकावर रिंगेचं एक टोक घासायचं, दगडाने कड मारायची, बोअरमध्ये घालून पिस्टनने चौकोनी ढकलायची, फीलर गेज घालायचा. पुन्हा काढायची, दोन फेरे घासायची. घाईने घासलं की टोक तिरकं होतं आणि फीलर एका बाजूला सैल, दुसऱ्या बाजूला घट्ट लागतो. लेकीचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. मी फक्त मोजत बसलो.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. गुढी डेकवर, श्रीखंड मंडळातल्या एका वहिनींकडून आलेलं.

मुहूर्तावर रॉडचे बोल्ट. टॉर्क रेंचवर मी तिला विसंबू दिलं नाही. रेंचचा बहुतेक जोर डोक्याखालच्या आणि आट्यांच्या घर्षणात जातो. बोल्ट ताणायला उरतो तो दहा टक्क्यांच्या आसपास. वंगण बदललं की सगळा हिशेब बदलला. म्हणून स्ट्रेच गेज: बोल्टच्या दोन्ही टोकांच्या खळग्यांत गेजच्या टोच्या, काटा शून्यावर, मग आवळत जायचं आणि बोल्ट किती लांबला ते पाहायचं. सहा थाऊ. एवढा ताणला की एकेक बोल्ट कॅपला पाच टनांहून जास्त दाबून धरतो. १७ फेब्रुवारीचा सव्वादोन टनांचा आकडा दोघांत वाटून घेतल्यावर बोल्ट त्याला फारशी दादच देत नाही. ताण बदलत नाही तर पोलाद थकत नाही. बोल्ट तुटतात ते सैल राहिल्याने. जास्त आवळल्याने तुटलेले मी फार थोडे पाहिले.

एक बोल्ट बाकीच्यांपेक्षा कमी जोरात सहा थाऊंवर पोचला. काढला, बाजूला ठेवला, नवा घातला. लेकीने कारण विचारलं नाही, म्हणजे तिला कळलं.

२० एप्रिल, शनिवार

हेड चढली. कारखान्याचे हेड बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ते फेकले, स्टड घातले. या घराण्याची दुखरी जागा इथेच आहे: एका सिलिंडरभोवती चारच मोठे बोल्ट. बूस्ट चढला की हेड उचललं जातं. पोलादी थरांचं गॅस्केट आणि चांगले स्टड यांवर हजारापर्यंत निभावतं. त्यापुढे सहा बोल्टांचा दुसरा ब्लॉक लागेल, तो तिचा पुढचा खर्च.

ऑइल पंपाच्या पिकअप नळीची ओ-रिंग नवी. एका छोट्या रबरावर सगळे बेअरिंग अवलंबून.

४ मे, शनिवार

डायनो. ई८५ वर ट्यून केलं: ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथे ते मक्याचं, आमच्याकडे उसाचं. कोल्हापूरच्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांना मी उगाच हिणवत होतो असं आज वाटलं नाही, पण रेसच्या गाडीला हे इंधन सोनं आहे खरं. जळताना थंड, डिटोनेशनला सहजी बळी पडत नाही. फक्त पेट्रोलपेक्षा तीसेक टक्के जास्त ओतावं लागतं, पंप आणि इंजेक्टर त्या मापाचे हवेत. इंजिनाच्या आतले महागडे भाग वाचवतं ते शेवटी इंधन आणि ट्यूनिंगच. घसरलेल्या टायमिंगपुढे कुठलंही फोर्जिंग टिकत नाही.

हजार आले. ट्यूनरने तिथेच हात थांबवला, ते मला फार आवडलं.

११ मे, शनिवार

मायलन ड्रॅगवे. स्पेलिंग इटलीतल्या मिलानचं, उच्चार इथला. तपासनिसांनी रोल केज, बेल्ट, हेल्मेट सगळं पाहिलं. एनएचआरएच्या नियमाने अशा जुन्या गाडीने पाव मैल दहा सेकंदांच्या आत करायचा तर केज आणि परवाना दोन्ही लागतात. आज बूस्ट मुद्दाम कमी ठेवला. १०.३ सेकंद. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरणाऱ्या शर्यतींची चित्रफीत मी पाहिलीय. तिथे धावपट्टी, इथे डिंकासारखा चिकट रबर लावलेला ट्रॅक, चप्पल निघून राहते.

१२ मे, रविवार

ऑइल फिल्टर कापून कागद उलगडला, उन्हात धरला. जुळवणीतल्या वंगणाचे काळे ठिपके, एखाद-दुसरा बारीक कण, बेअरिंगची चमक नाही. प्लग काढून पाहिले: पोर्सेलीनवर ॲल्युमिनियमचा एक ठिपकाही नाही. रिंगा, पिस्टन, बेअरिंग सगळे शाबूत.

लेक लगेच पुढच्या हिवाळ्याची यादी घेऊन बसली. पहिली ओळ: बिलेट क्रँक. खोडायला लावली. आता त्या गाडीत इंजिन सगळ्यांत दणकट आहे, आणि मागचा ॲक्सल मूळचाच, २८ दात्यांचा. बूस्ट वाढवल्यावर तुटेल तर तो तुटेल. क्रँकचे पैसे ३१ दात्यांच्या शाफ्टांना लावायचे, आणि उरले तर गिअरबॉक्सला.